पारूला अजून किती थांबवायचं?

वाचकाचं पत्र:

नमस्कार डॉक्टर,
आमची मांजर पारू 16 वर्षांची आहे. माझे मिस्टर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. एका पावसाळ्यात ओलंचिंब भिजलेलं पिल्लू त्यांनी पिशवीतून घरी आणलं, तीच ही. ते चार वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून ती त्यांच्याच खुर्चीत झोपते. दोन वर्षांपूर्वी तिला किडनीचा आजार निघाला. खाणं बदललं, औषधं झाली, गेले सात महिने मी घरीच तिला सलाईन देते. मागच्या महिन्यात तीन दिवस ॲडमिट केलं, नंतर आठवडाभर बरी होती. आता रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बिघडली की वाढतं ते) 8.1 आहे, वजन साडेचार किलोवरून 2.3 वर आलंय. चार दिवसांत चमचाभर चिकनच्या पाण्याखेरीज पोटात काही नाही. तोंडाला वास येतो, लाळ गळते. बाथरूममध्ये बादलीमागे जाऊन बसते. तरी मी हात लावला की घुरघुरते.
डॉक्टर म्हणाले, आता तुम्ही ठरवा. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो, ‘आई, तू तिचे हाल करतेयस.’ सासूबाई 86 वर्षांच्या आहेत, त्या म्हणतात, ‘मुक्या जिवाला सुई टोचून मारायचं? हे पाप कुठे फेडशील? तिचं ती जाईल.’ मला दोघांचंही पटतं आणि दोघांचाही राग येतो. ह्यांची शेवटची आठवण मी माझ्या सहीने संपवायची का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर:

ताई,

पारूकडे वेळ थोडा होता, म्हणून हे उत्तर तुम्हाला आधीच पाठवलं. तुमच्या परवानगीने ते आता इथे जसंच्या तसं देतो आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. पारूची वेळ आली आहे. येत्या दोन-तीन दिवसांत तिला डॉक्टरांच्या हातून शांतपणे जाऊ द्या, जमलं तर घरीच. हे मी रिपोर्टमधल्या आकड्यावरून म्हणत नाही. चार दिवसांचा उपास, गळणारी लाळ आणि बादलीमागची ती जागा यांवरून म्हणतोय. मी तिला तपासलेलं नाही, तुमच्या डॉक्टरांनी तपासलंय. पण ‘आता तुम्ही ठरवा’ असं डॉक्टर म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांच्याकडचे उपाय संपलेले असतात आणि तसं उघड बोलायला त्यांची जीभ रेटत नसते. त्यांना सरळ विचारा, ‘ही तुमची मांजर असती तर तुम्ही काय केलं असतं?’ या प्रश्नाला डॉक्टर सहसा खरं उत्तर देतात.

आता आजाराबद्दल थोडं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण पत्रभर जाणवतं की आपल्या लक्षात यायला उशीर झाला का, हे तुम्हाला खातंय. तसं नाही. म्हाताऱ्या मांजरींमध्ये हा सगळ्यात जास्त आढळणाऱ्या आजारांपैकी एक आहे आणि तो मुकाट्याने वाढतो. किडनीचं जवळजवळ तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन वाढतच नाही. मांजर थोडं जास्त पाणी पिते, थोडी जास्त शू करते, आणि घरच्यांना वाटतं उन्हाळा आहे. म्हणजे दोन वर्षांपूर्वी रिपोर्ट आला तेव्हाच निम्म्याहून जास्त वाट संपली होती. तिथून पुढे दोन वर्षं तिने काढली ती खाण्यातल्या बदलामुळे आणि तुमच्या हातच्या सलाईनमुळे. मांजरीच्या मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई घालणं माझ्या ओळखीच्या धडधाकट पुरुषांनाही जमलेलं नाही. तुम्ही ते सात महिने केलंत.

या आजाराच्या चार पायऱ्या मानतात. क्रिएटिनिन 5 च्या वर गेलं की चौथी, म्हणजे शेवटची. पारू 8.1 वर आहे. आकडा एकटा असता तर मी त्याला एवढं महत्त्व दिलं नसतं. अंगात पाणी कमी पडलं की किंवा लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला की तो एकदम उसळतो आणि दोन-तीन दिवस शिरेतून सलाईन दिल्यावर खालीही येतो. म्हणूनच मागच्या महिन्यात तिला ॲडमिट केलंत ते योग्यच होतं. पण त्या तीन दिवसांनी आठवडाच मिळाला. आता कुणी पुन्हा ॲडमिट करायला सांगितलं तर त्यांना विचारा, ‘त्यानंतर काय?’ तिची किडनी आता नव्याने काही कमावणार नाही. या वेळी आठवड्याचे दोन-तीन दिवस होतील, आणि आयुष्यातले शेवटचे दिवस ती अनोळखी पिंजऱ्यात, शेजारी कुत्री भुंकत असताना काढेल.

लाळ आणि वास कशामुळे, तेही समजून घ्या. किडनी जी घाण बाहेर टाकायची ती रक्तात साठते. त्यामुळे तोंडात, जिभेच्या कडेला छाले पडतात, पोटात सतत मळमळ राहते. पारू वाटीपाशी जाते, वास घेते आणि तोंड फिरवते, असं होत असणार. तिला भूक नाही असं नव्हे, खाणं म्हटलं की ढवळून येतं. मांजर सलग काही दिवस उपाशी राहिली की कधीकधी यकृतावरही चरबी चढते आणि ते बिघडतं, म्हणून मांजरीच्या चार दिवसांच्या उपासाला आम्ही फार घाबरतो.

आणि तुम्हाला अडवून ठेवणारं ते घुरघुरणं. मांजर सुखात असताना घुरघुरते हे खरंच आहे. पण दुखत असताना, घाबरलेली असताना, अगदी मरणाच्या दारातही घुरघुरते. दवाखान्यात मांडीचं हाड मोडून आलेल्या मांजरी माझ्या टेबलावर घुरघुरायच्या. तुमच्या हाताने पारूला बरं वाटत असेल, मला ते नाकारायचं नाही. पण तिला जगायचंय याचा तो पुरावा नव्हे. पुरावा हवा असेल तर तिचा चेहरा बघा. कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठाने 2019 मध्ये मांजरीच्या चेहऱ्यावरून दुखणं ओळखायची एक पद्धत मांडली. त्यात पाच गोष्टी बघतात: कान बाजूला वळलेत का, डोळे मिचकावल्यासारखे अर्धे मिटलेत का, नाकाभोवतीचा भाग ताठ आहे का, मिशा सरळ पुढे आल्यात का, मान खांद्यांच्या खाली उतरलीय का. ती बादलीमागे असताना हात न लावता, दुरून बघा. तुम्ही जवळ गेलात की ती तुमच्यासाठी उठून बसेल. मांजर दुखणं लपवते, शिकार होणाऱ्या छोट्या प्राण्याचा तो स्वभावच आहे. म्हणून जेव्हा ते दिसायला लागतं तेव्हा बरंच पुढे गेलेलं असतं.

इथे इतर वाचकांसाठी थोडं विषयांतर करतो, कारण अशी पत्रं दर महिन्याला येतात आणि बहुतेकांच्या मांजरी पारूइतक्या शेवटाला आलेल्या नसतात. डॉ. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी यासाठी एक मोजमाप दिलंय आणि ते मी वर्षानुवर्षं वापरलंय. दुखणं, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी 0 ते 10 गुण द्यायचे. बेरीज 35 च्या वर असेल तर गाडी चालू शकते. मी त्यात घरच्यांना अजून एक काम सांगतो. आपल्या मांजरीला खास आवडणाऱ्या चार-पाच गोष्टी आजच लिहून ठेवायच्या. खिडकीत कबुतरं बघणं, बोंबलाचा वास आला की ओट्याशी येणं, दुपारच्या उन्हात आडवं पडणं, अंग चाटून लख्ख ठेवणं, अशा. त्यातल्या किती आज घडल्या ते रोज रात्री भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचं. मन दर वेळी ताज्या बऱ्या तासाला धरून बसतं, कॅलेंडरवर सगळा महिना दिसतो. या दोन्ही गोष्टी आजार नवा असतानाच सुरू करा, शेवटच्या आठवड्यात नको.

पारूला तुम्ही गुण द्यायला बसलात तर तेही करा, पण मला वाटतं तुमच्या हाताला बेरीज आधीच माहीत आहे.

आता सासूबाई. त्यांच्या प्रश्नाला उडवून लावू नका, आणि मुलालाही लावू देऊ नका. जीव घ्यायचा नाही हा संस्कार त्यांच्यात खोल रुजलेला आहे आणि त्याच संस्कारामुळे पारू त्या घरात 16 वर्षं सुखाने राहिली. त्यांच्याशी बोलताना मी असतो तर त्यांना साबरमतीच्या वासराची गोष्ट सांगितली असती. 1928 साली गांधीजींच्या आश्रमात एक वासरू पायाने निकामी होऊन पडलं होतं. औषध चाललं नाही, कूस बदलताही येत नव्हती, वेदना असह्य होत्या. गांधीजींनी आश्रमातल्या लोकांशी चर्चा केली आणि डॉक्टरला बोलावून इंजेक्शन देऊन त्या वासराला मरण दिलं. त्यावरून केवढा गदारोळ झाला. अहिंसेची शिकवण देणाऱ्याने वासरू मारलं म्हणून त्यांना रागाची पत्रं आली. त्यांनी माघार घेतली नाही. स्वतःच्या वृत्तपत्रांतून लिहून सांगितलं की ज्या जिवाला बरं करता येत नाही आणि ज्याच्या सेवेचा दुसरा मार्ग उरला नाही त्याच्या यातना थांबवणं ही हिंसा नाही. गाय-वासराच्या बाबतीत, त्या काळात, अहमदाबादेत हे म्हणायला काय लागलं असेल याचा विचार सासूबाई तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला करू शकतील.

आणि ‘तिचं ती जाईल’ याबद्दल. काही म्हाताऱ्या मांजरी खरंच झोपेत जातात, मी पाहिलंय. पण किडनीच्या आजारात ते क्वचित घडतं. बहुतेकदा आधी उलट्या वाढतात, मग अंग गार पडतं, मान उचलता येत नाही, शू जागच्या जागी होते, काहींना झटके येतात. हे काही तासांत संपत नाही, दोन-तीन दिवस चालू शकतं, आणि त्यात बरेचदा एक रात्र अशी येते की दवाखाना बंद असतो आणि घरातलं कुणी झोपत नाही. सासूबाईंच्या डोळ्यांपुढे वेगळं चित्र आहे: माणूस तुळशीपत्र तोंडात घेऊन, नाव घेत, शांत गेला, असं. पारूच्या वाटेला तसं मरण आपोआप येणार नाही. तसं यावं अशी इच्छा असेल तर ते डॉक्टरांच्या मदतीनेच येईल. त्यांना हे भांडून सांगू नका. जवळ बसून, त्यांचा हात पारूच्या पाठीवर ठेवून सांगा. कण्याचे मणके हाताला लागतील तेव्हा पुढचं बोलायची गरज पडणार नाही.

तरीही त्यांचं मन वळलं नाही तर? निर्णय तुमचा आहे. सलाईन तुम्ही दिलंत, रात्री तुम्ही जागलात, सही तुमची. त्यांना पाप वाटत असेल तर ‘हे पाप माझ्या माथी’ असं म्हणून मोकळ्या व्हा. वडीलधाऱ्या माणसांना कधीकधी एवढंच ऐकायचं असतं, की तुमच्यावर बोट नाही.

मुलगा जे बोलला ते चुकीच्या शब्दांत बोलला. हाल आजार करतोय, तुम्ही नाही. पुण्यातल्या त्याच्या घरात बसून व्हिडिओ कॉलवर त्याला एक अशक्त मांजर दिसते, सात महिन्यांची सेवा दिसत नाही. पण त्या मांजरीबरोबर तोही वाढलाय, आणि वडील गेल्यानंतर ही दुसरी गोष्ट त्याच्या हातातून निसटते आहे. माणसं घाबरली की हुकूम सोडतात. त्याला सांगा, ‘तुझं बरोबर आहे, दिवस ठरवते, पण तू ये. मला एकटीला जमणार नाही.’

आणि आता तुमचा शेवटचा प्रश्न, ज्यासाठी तुम्ही खरं म्हणजे पत्र लिहिलंत. पारू गेली की ते दुसऱ्यांदा जातील असं तुम्हाला वाटतंय. हे वाटणं खोटं नाही. घरात त्यांच्या आवाजाला, त्यांच्या चपलांच्या वाजण्याला ओळखणारा तुमच्याशिवाय दुसरा जो जीव होता तो जाणार आहे. त्याचं दुःख मोठं आहे आणि मी ते लहान करून सांगणार नाही. पण थोडं तिच्या बाजूने बघा. पारूला ती आठवण आहे हे माहीत नाही. ती आठवण सांभाळायचं काम तिच्याकडे सोपवलं तर त्यासाठी तिला रोज मळमळत, तोंडात छाले घेऊन जगावं लागेल. आणि उद्याच्या आशेवर ती आजचं दुखणं सोसू शकत नाही. माणूस सोसतो, कारण नातीचं लग्न बघायचंय, मुलगा परदेशातून येणार आहे असं काही त्याच्या मनात असतं. मांजरीला आजचं अंग तेवढं कळतं. तिचा एक वाईट दिवस तुमच्यासाठी वाढवणं किंवा कमी करणं, एवढंच तुमच्या हातात उरलंय. तुमचे मिस्टर असते तर त्यांनी काय केलं असतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पावसात भिजलेलं पिल्लू बघून जो माणूस पुढे निघून जाऊ शकला नाही, त्याला बादलीमागची पारू बघवली असती का?

माझ्या दवाखान्यात दयामरणानंतर महिन्या-दोन महिन्यांनी लोक भेटायला यायचे. ‘थोडा उशीरच केला’ असं म्हणणारे पुष्कळ होते. ‘फार घाई केली’ म्हणणारे फार थोडे.

तुम्हाला ते करायचंच नसेल, मन अजिबात घेत नसेल, तर तोही मार्ग आहे, पण त्याच्या अटी कडक आहेत. मळमळ थांबवणारं आणि वेदना कमी करणारं औषध डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं आणि ते वेळेवर द्यायचं. रात्री फोन उचलणारा डॉक्टर आधी बघून ठेवायचा. झटका आला किंवा श्वासाला त्रास सुरू झाला तर त्याच वेळी सुई द्यायची, हे लिहून, ठरवून ठेवायचं. नुसतं ‘देवावर सोडलं’ म्हणून दार लोटून घेणं हा मार्ग नाही.

प्रत्यक्ष काय होतं ते माहीत नसल्याने लोक जास्त घाबरतात, म्हणून सविस्तर सांगतो. आधी भूल देणारं इंजेक्शन कातडीखाली किंवा मांसात देतात. दहा-पंधरा मिनिटांत ती गाढ झोपते. त्या वेळी तुम्ही तिला मांडीवर घेऊ शकता. मग पुढच्या पायाचे केस थोडे कापून शिरेतून दुसरं औषध देतात. ते भुलीचंच औषध असतं, फार मोठ्या मात्रेत. मेंदू आधी बंद होतो, मग श्वास, मग हृदय, सगळं मिनिट-दोन मिनिटांत. अंगातलं पाणी कमी झालेल्या मांजरीची शीर कधीकधी सापडत नाही, मग औषध पोटात इंजेक्शनने देतात. त्याला थोडा जास्त वेळ लागतो, पण ती झोपेतच असते. डोळे उघडेच राहतात, मिटले नाहीत म्हणून घाबरू नका. नंतर एखाद-दुसरा खोल श्वास घेतल्यासारखं दिसेल, कातडी थरथरेल, शू होईल. तेव्हा ती गेलेली असते, नुसते स्नायू सैल होत असतात. डॉक्टरांना स्टेथोस्कोप लावून खात्री करायला सांगा.

डॉक्टरांना फोनवर विचारायचं ते हे: घरी येता का, आणि आधी भूल देता का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘त्याची गरज नाही’ असं आलं तर दुसरे डॉक्टर बघा. यात तडजोड करू नका. घरी येणारं कुणी मिळालं नाही तर दिवसातली पहिली किंवा शेवटची वेळ मागा, म्हणजे बाकावर वाट बघत बसावं लागत नाही, आणि पैसे व संमतीपत्रावरची सही आधीच उरकून घ्या. मुंबईत परळला जनावरांचं बैल घोडा हॉस्पिटल आहे, एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. पण तुमच्याकडून तो प्रवास तिला या अवस्थेत जड जाईल, बोरिवलीतच बघा.

सासूबाईंना गंगाजल द्यायचं असेल, तुळशीपत्र ठेवायचं असेल, तर जरूर ठेवू द्या, पण भूल देण्याआधी. भूल चढली की गिळता येत नाही आणि तोंडात घातलेलं पाणी श्वासनळीत जातं. नंतर ओठांना ओलं बोट लावलं तर चालेल. माळ घेऊन शेजारी बसल्या तरी कुणाची काही हरकत असणार नाही.

तोपर्यंतचे दोन-तीन दिवस. पिचकारीने जबरदस्तीने भरवणं बंद करा. चिकनचं पाणी कोमट करून वाटीत ठेवा, कांदा-लसूण न घालता, कारण मांजरीला ते विषारी आहे. चाटलं तर चाटलं. सलाईनने तिला बरं वाटत असेल तर द्या, बाटली आधी कोमट पाण्यात ठेवून. कालचं पाणी अजून पायाकडे गोळा होऊन राहिलं असेल किंवा झोपेत श्वास मिनिटाला तिसाच्या वर जात असतील तर देऊ नका. बाथरूममधून तिला ओढून काढू नका, तिला ती जागा बरी वाटते. तिथेच तुमच्या मिस्टरांची एखादी जुनी सुती लुंगी किंवा गोधडी अंथरा, शेजारी टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवा, कारण या आजारात अंग गार पडतं. रेतीच्या ट्रेची कड तिला ओलांडवत नसेल तर ट्रेऐवजी वर्तमानपत्रं पसरा. आणि कृपा करून घरातली वेदनाशामक गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल पचवायची ताकद मांजरीच्या यकृतात नसते, एका गोळीनेही तडफडून मरण येतं. ‘थोडीशी कुटून दिली’ असं सांगत आलेली मांजर मी विसरू शकत नाही.

नंतरचं आधी ठरवा, त्या क्षणी सुचत नाही. मुंबई महापालिकेने 2023 मध्ये मालाडला पाळीव प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू केली आहे, तुम्हाला तीच जवळची. वेळ आणि कागदपत्रं आदल्या दिवशी फोन करून विचारा, डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागेल असं धरून चाला. सोसायटीच्या आवारात पुरायचं झालं तर सेक्रेटरींची परवानगी घ्या आणि खड्डा निदान तीन फूट खोल घ्या. खाडीत किंवा कचराकुंडीत मुळीच नको. अशा औषधाने गेलेल्या जनावराचं मांस घारीने किंवा कुत्र्याने खाल्लं तर तेही मरतं.

नंतर तुम्ही रडाल, आणि कुणीतरी म्हणेल की मांजरच तर होती. त्यांच्याशी बोलायची सक्ती नाही. खुर्ची उचलून ठेवायची घाई करू नका, मुलालाही करू देऊ नका. न उघडलेल्या सलाईनच्या बाटल्या आणि औषधं डॉक्टरांकडे देऊन या. महिन्याचा खर्च न झेपणारं कुणी ना कुणी त्यांच्याकडे असतंच.

तुमचं पत्र मंगळवारी आलं. मुलाला शुक्रवारी रात्रीच यायला सांगा आणि डॉक्टरांकडे शनिवारी सकाळची वेळ मागा. रविवारी बहुतेक दवाखाने बंद असतात. शनिवारच्या आधीच तिला श्वास लागला, झटका आला, किंवा ती मानच उचलेनाशी झाली, तर मुलाची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी न्या किंवा डॉक्टरांना बोलवा. हे त्याला आजच सांगून ठेवा, म्हणजे पुढे त्याच्या मनात काही राहणार नाही. आणि भूल चढेपर्यंत तिच्याशी बोलत राहा, जे रोज बोलता तेच.